फोम बोर्ड धरा आणि गप्प उभ्या राहा

*ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी यंदा सीनियर, म्हणजे बारावीला. ऑगस्टमध्ये शाळेने ठरवून दिलेल्या फोटोग्राफरकडे जाऊन काळं ड्रेप पांघरून शाळेच्या शेवटच्या वर्षाचा फोटो काढून आली. आता प्रूफ्स, म्हणजे निवडायचे नमुना-फोटो, आणि छापील फोटोंच्या पॅकेजेसची यादी आली आहे. त्यातलं सगळ्यात लहान पॅकेजसुद्धा या घडीला जड आहे, कारण जुलैत ह्यांची नोकरी गेली. बरोबरीच्या मुली तर वेगळा फोटोग्राफर लावून बागेत, समुद्रावर फोटो काढून घेताहेत. त्याचे आकडे ऐकून मी विचारणंच सोडलं. मुलगी म्हणते, "आई, मी आणि माझी मैत्रीण फोनवर काढतो, तू नको काळजी करू." मला धडकी भरते. आयुष्यात एकदा येणारा प्रसंग, आणि फोनवर? तिला चष्मा आहे, मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, फोटो म्हटलं की आक्रसते. कोल्हापूरला सासूबाईंना फ्रेम पाठवायची आहे, जूनमध्ये पार्टीला मोठा फोटो लावायचा आहे. क्रेडिट कार्डावर टाकून मोकळी होऊ का?*

*— एक आई*

क्रेडिट कार्ड पर्समध्येच राहू द्या. पोरीला फोनवर फोटो काढू द्या. तुमचं काम काय, ते शेवटाकडे सांगते. ते तुम्हाला फारसं आवडणार नाही.

तुमची धडकी मला कळते. आपल्याकडे ही भानगडच नव्हती. माझ्या दहावीचा फोटो म्हणजे सांगलीत स्टुडिओत जाऊन हॉल तिकिटासाठी काढलेला. फोटोग्राफरकाकांनी कोपऱ्यातल्या आरशाकडे बोट दाखवलं, तिथे पावडरचा डबा आणि दात पडलेला कंगवा. "मान वर, हनुवटी खाली" असं एकाच वेळी सांगितलं, ते मला आजही जमत नाही. वर्गाचा म्हणून एक फोटो: पुढे खुर्च्यांवर सर-बाई, मागे बाकांवर उभ्या आम्ही. संपलं. त्यामुळे इथे मुलं सीनियर झाली की आपल्याला अंदाजच नसतो, यातलं सक्तीचं काय आणि हौसेचं काय. सगळंच शाळेकडून आल्यासारखं वाटतं, आणि शाळेकडून आलं म्हणजे भरायचंच, हे आपल्या हाडीमाशी.

तर आधी ते वेगळं करू. ड्रेप पांघरून काढलेला फोटो इयरबुकसाठी, म्हणजे शाळेच्या त्या वर्षाच्या फोटोंच्या पुस्तकासाठी आहे. बहुतेक शाळांत तो इयरबुकात छापून यायला पॅकेज विकत घ्यावं लागत नाही. फोटो काढून झाला, पोज निवडली, की झालं. पण पोज निवडायची मुदत असते आणि ती चुकली तर दुसरंच कोणीतरी निवडतं, तेव्हा मुलीला आजच इयरबुकच्या शिक्षकांना दोन ओळींची ईमेल करायला सांगा: पॅकेज न घेता माझा फोटो छापला जाईल ना, आणि निवड कधीपर्यंत कळवायची? सिटिंग फी, म्हणजे फोटो काढून घेण्याचे पैसे भरायचे राहिले असतील, किंवा पुढे इयरबुकचे, ग्रॅज्युएशनच्या गाऊनचे पैसे जड वाटणार असतील, तर काउन्सेलरला सांगायला लाजू नका. अनेक शाळांत अशा वेळी गाजावाजा न करता मदत होते. नोकरी गेली हे सांगण्यात कमीपणा कसला, या देशात ते सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं आहे.

बागेतले, समुद्रावरचे, खांद्यावर जॅकेट टाकून हसणारे फोटो हा हौसेचा भाग. ते कोणी काढावेत, कशावर काढावेत, काढावेत की नाही, यावर शाळेचं काहीही म्हणणं नसतं. चाल मात्र जुनी आहे. बोस्टनकडचे जॉर्ज वॉरन नावाचे फोटोग्राफर १८६० च्या आसपास हार्वर्ड, येलसारख्या कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांचे फोटो काढायचे, आणि ती पोरं एकमेकांच्या फोटोंच्या प्रती विकत घेऊन अल्बम बांधून घ्यायची. म्हणजे तेव्हाही धंदा प्रतींवरच चालत होता. तुमच्या हातातली पॅकेजची यादी नीट बघा, पैसे कागदाचेच लावलेत.

एक करू नका: त्या प्रूफ्सचे स्क्रीनशॉट काढून छापू नका. त्यांचे हक्क फोटोग्राफरचे असतात. आणि स्क्रीनशॉट छापल्यावर दिसतातही स्क्रीनशॉटसारखेच.

आता फोन. माझा मुलगा सीनियर होता तेव्हा मी स्वतः त्याचे फोटो काढले. तोवर माझं मंडळातली बारशी, मुंजी, एक-दोन अरंगेत्रम असं बरंच काढून झालं होतं, त्यामुळे डोक्यात हवा होती. शनिवारी दुपारी दीडला त्याला बागेत नेलं, कारण चार वाजता त्याला सोडायचं होतं. डोक्यावर ऊन. डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या, नाकाखाली मिशीसारखी आणखी एक. कॅमेऱ्याची बॅटरी संपली म्हणून फोन काढला आणि चेहरा नीट यावा म्हणून अगदी जवळ गेले. घरी येऊन त्याने फोटो पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "आई, माझं नाक बाबांचं झालंय." बाबा तिथेच चहा पीत बसले होते.

त्या दुपारी कॅमेऱ्याच्या बाजूने मी दोनच चुका केल्या होत्या, अंतराची आणि उजेडाची. तेवढ्यानेच फोटो फुकट गेले.

अंतराचं गणित सोपं आहे. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत चार-पाच इंच. फोन दीड फुटावर धरलात तर हे चार-पाच इंच म्हणजे एकूण अंतराचा चौथा हिस्सा झाला, म्हणून नाक पुढे येतं, कान मागे पळतात, कपाळ फुगतं. तोच फोन सात फुटांवर नेला की ते जेमतेम विसावा हिस्सा उरतं आणि चेहरा आपल्याला समोर बसून दिसतो तसा दिसतो. तेव्हा मैत्रिणीला सांगा, सहा-सात फूट, म्हणजे तीन-चार पावलं मागे जायचं आणि मग २ किंवा ३ वर झूम करायचं. फोनला लांबची वेगळी लेन्स असेल तर उत्तमच. नसेल तर मागे जाऊन साधाच काढा आणि नंतर कापा. सेल्फीचा कॅमेरा यासाठी वापरायचाच नाही. तो हाताच्या अंतरावर असतो, आणि बऱ्याच फोनांत तो विचारल्याशिवाय चेहरा गुळगुळीत करून टाकतो.

आणि हो, काढण्याआधी लेन्स पुसा. हसू नका. आपल्या घरातल्या फोनच्या काचेवर फोडणीचं तेल असतंच. त्या पुसटशा थराने फोटोभर धुकं येतं, आणि लोक म्हणतात फोन जुना झाला.

मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड आहे ना, त्याच्यावर पूर्ण भरवसा नको. तो धूसरपणा फोन हिशेबाने घालतो आणि हिशेब केसांपाशी चुकतो. सुटी बट अर्धी कापली जाते, झुमक्यातला एखादा मोती हवेत विरतो. मोबाइलच्या पडद्यावर कळत नाही, फ्रेममध्ये कळतं. त्यापेक्षा मुलीला भिंतीपासून, झाडापासून चांगलं पंधरा-वीस फूट पुढे आणा आणि झूमने काढा. मागचं आपोआप मऊ होतं. दोन्ही प्रकारे काढून ठेवा, फोनला काय फिल्म लागत नाही.

उजेडावर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पैसे नसतानाही भरपूर मिळणारी ही एकच चीज आहे, आणि लोक नेमकी तीच वाया घालवतात.

आपल्याकडे लग्नाला गोरज मुहूर्त असतो. गाई परत येण्याची वेळ, धुळीतून तिरपं ऊन. इथले फोटोग्राफरही त्याच वेळेच्या मागे असतात. सूर्य मावळायच्या आधीचा तास. तुमच्याकडे सप्टेंबरअखेर सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, ऑक्टोबरच्या मध्यावर सव्वासहाला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की पाचच्या आतच अंधार पडायला लागतो, म्हणजे शाळा, बँडची प्रॅक्टिस आटोपून घरी येईपर्यंत खेळ खलास. पानं ऑक्टोबरच्या उत्तरार्धात रंगतात. तेव्हा तुमच्या हातात साधारण चार-पाच शनिवार-रविवार आहेत. त्यातले दोन बँडच्या स्पर्धांना जातील.

त्या तासात सूर्य मुलीच्या तोंडावर नको, पाठीशी किंवा खांद्याच्या बाजूला हवा. तोंडावर असला की डोळे मिचकावणार, आणि मग तुम्ही ओरडणार "डोळे उघड", आणि मग फोटो संपला. पाठीशी असला की केसांना सोनेरी कड येते. पण मग चेहरा काळवंडतो. इथे तुमचा फोम बोर्ड. डॉलर स्टोअरमधला पांढरा, शाळेच्या प्रोजेक्टला आणतो तोच, सवा-दीड डॉलरचा. मुलीच्या कमरेच्या उंचीवर, चौकटीच्या जरा बाहेर, आडवा धरायचा आणि आकाशाकडे थोडा तिरपा करायचा. बोर्ड हळूहळू फिरवत तिच्या चेहऱ्याकडे बघत राहा. एका कोनात डोळ्यांखालचं काळं एकदम विरघळतं आणि बुबुळात उजेडाचा छोटा पांढरा ठिपका उमटतो. तो ठिपका दिसला की हात हलवायचा नाही. पहिल्यांदा दिसेल तेव्हा तुम्हालाच गंमत वाटेल.

मुलीला जागेवर उभं करण्याआधी स्वतःची मूठ डोळ्यांसमोर धरा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरा. मुठीवरच्या सावल्या कुठे कडक होतात, कुठे मऊ, ते दिसेल. मऊ दिसतील त्या दिशेला तिचं तोंड. शेजारचे लोक बघतील, बघू द्या. झाडाखाली सावली म्हणून उभी करायचा मोह होतो, पण आधी वर बघा. पानांतून कवडसे पडत असतील तर गालावर चित्त्यासारखे ठिपके येतात, ते कुठल्याही अॅपने जात नाहीत. आणि हिरव्यागार लॉनवर बसवलंत तर हनुवटीखाली हिरवट छटा येते. इमारतीच्या सावलीत, समोर मोकळं आकाश आणि पायाखाली सिमेंटची फूटपाथ, ही सगळ्यात सोपी जागा. दिसायला गरीब, पण फोटोत श्रीमंत.

बाहेर जमलंच नाही तर घरात उत्तरेची खिडकी शोधा, जिच्यातून थेट ऊन येत नाही. तिच्यापासून तीन फुटांवर मुलगी, खिडकीच्या बाजूला चेहरा, पलीकडून फोम बोर्ड, मागे इस्त्री केलेली साधी चादर. घरातले सगळे दिवे बंद. बल्बचा पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आला की चेहरा अर्धा काविळीसारखा दिसतो. ज्या माणसाच्या नावाच्या गावात तुम्ही राहता त्याने १८७९ मध्ये तिथेच मेन्लो पार्कला दिवा पेटवला, आणि मी तुम्हाला दिवे विझवायला सांगतेय.

रंगाचं एक बोलायलाच हवं. फोटो कोल्हापूरला गेला की फोन येणार, "जरा उजळ नाही का करता येत?" माझ्याही घरी आला होता. करता येतं, आणि करू नका. फिल्मच्या जमान्यात कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड ठेवत, त्याला शर्ली कार्ड म्हणत. ती नीट दिसली की रंग बरोबर. आपल्यासारख्यांचे चेहरे मग मातकट आले तरी चालायचं. आता फोन पुष्कळ सुधारलेत, तरी गडद गाऊन, गडद झाडं असं समोर आलं की फोनला वाटतं अंधार आहे, तो सगळंच उजळवतो आणि चेहऱ्याचा गहूवर्ण धुऊन निघतो. उपाय: पडद्यावर तिच्या डोळ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस तिथे अडकून राहील, आणि बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढा. किंचितच. गालावर चमकणारा पांढरा डाग जाईपर्यंत. गालावर तेल आलं असेल तर पावडर नको, टिश्यू पेपरने टिपून घ्या. नंतर स्नॅपसीडसारख्या फुकटच्या अॅपमध्ये थोडा ऊबदार रंग आणि हवी तेवढी कातरी, बस. मुरूम असेल तर तो पुसा, आठ दिवसांत गेलाच असता. तीळ असेल तर तो तिचा आहे.

जागेसाठी लांब जाऊ नका. डेलावेअर-रॅरिटन कालव्याचा टोपाथ तुमच्यापासून जवळ आहे, तिथे संध्याकाळी पाण्यावरून उजेड परत येतो, फोम बोर्डाचं अर्धं काम फुकट. बोटॅनिकल गार्डन, खासगी इस्टेट, मॉल अशा ठिकाणी फोटोसाठी परवाना किंवा फी असते, काउंटी पार्कच्याही साइटवर नियम वाचून जा. पण खरं विचाराल तर मला तिचा बँड रूमबाहेरच्या पायऱ्यांवर बसलेला फोटो जास्त आवडेल. शाळा सुटल्यावर ऑफिसला विचारा. किंवा ओक ट्री रोडवर, जिथे ती दर रविवारी तुमच्याबरोबर कोथिंबीर-कढीपत्ता आणायला वैतागत येते. पंचवीस वर्षांनी समुद्रकिनारा कुठलाही वाटेल. त्या दुकानांच्या पाट्या नाही वाटणार.

रेल्वे रुळांवर मात्र नाही. इथल्या पोरांना रुळांवर चालतानाच्या फोटोंचं फार वेड. ती जागा रेल्वेच्या मालकीची, तिथे शिरणं गुन्हा, आणि एडिसन-मेटचनमधून तर अॅमट्रॅकच्या गाड्या वाऱ्यासारख्या जातात. मालगाडीला वेगात असताना थांबायला मैलभर लागतो. मैत्रिणीने कितीही गळ घातली तरी नाही म्हणजे नाही. इथे तुम्हाला बोलायची पूर्ण परवानगी.

कपड्यांत तिचं ती ठरवेल. एक जोड रोजचा, तिचा आवडता, वापरून मऊ झालेला. नवे कपडे अंगावर कपड्यांसारखे बसतात, माणसासारखे नाहीत. दुसरा हवा असेल तर सासूबाईंची एखादी पैठणी बाहेर काढा. कोल्हापूरच्या फ्रेमसाठी वेगळा फोटो होऊन जाईल, आणि उजळपणाचा विषयही निघणार नाही, कारण त्या चेहरा सोडून पदराकडेच बघतील. जरीला थेट ऊन दाखवू नका, पांढरे पट्टे येतात. सावलीत ती आतून उजळल्यासारखी दिसते. क्लॅरिनेट न्यायचंच. आक्रसणाऱ्या मुलांच्या हातात काहीतरी लागतं. तिला ते तोंडाला लावायला सांगू नका, नुसतं जुळवायला सांगा: पेटी मांडीवर, एकेक तुकडा फिरवत बसवणं, रीड, म्हणजे फुंकायची पातळ पट्टी, ओठांत धरून ओली करणं. ती ते हजार वेळा करून चुकलीय, त्यामुळे तेवढ्या वेळात कॅमेरा विसरेल. बोटांचा एक फोटो अगदी जवळून. क्लॅरिनेटच्या भोकाभोवतीची कडी, रिंग की, बंद करताना मधल्या बोटाचं टोक गोल दबतं ना, तो. चेहरा नसलेला हाच फोटो पार्टीत लोक सगळ्यात जास्त वेळ बघत उभे राहतील, पैज.

चष्मा काढायला लावू नका. चष्म्याशिवायची मुलगी घरात कोणाला ओळखीची आहे? काचेवर आकाश चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानांवरून अर्धा इंच वर उचला, काचा खाली झुकतात आणि चमक जाते. समोरून कळत नाही. मात्र दर दोन फोटोंनी चष्मा घसरतो, लक्ष ठेवायला कोणीतरी लागतं.

ते कोणीतरी म्हणजे तुम्ही. फोटो मैत्रीण काढणार. तुम्ही बोर्ड धरणार, चष्मा बघणार, पाण्याची बाटली, कंगवा आणि सेफ्टी पिना सांभाळणार आणि तोंड मिटून उभ्या राहणार. "नीट हस", "पाठ ताठ कर", "केस मागे घे" यातलं एकही वाक्य नाही. मी माझ्या मुलाला ही तिन्ही म्हटली आणि त्या दिवसाच्या ऐंशी फोटोंत तो एकाच चेहऱ्याने उभा आहे, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा. मग त्याच्या मित्राने पुढच्या आठवड्यात पार्किंग लॉटमध्ये वीस मिनिटांत काढलेला फोटो आज आमच्या भिंतीवर आहे. त्या दोघांमध्ये काहीतरी फालतू विनोद चालला होता, तो काय होता ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मंडळात एक काका असतात, हातभर लेन्स घेऊन गणपतीत फिरणारे. त्यांना सांगितलंत तर आनंदाने येतील, पैसेही घेणार नाहीत. तरी सांगू नका. काकांसमोर ती काकांना दाखवायचा चेहरा करेल. हवं तर त्यांच्याकडून ट्रायपॉड मागा. सार्वजनिक लायब्रऱ्यांतही हल्ली कित्येक ठिकाणी ट्रायपॉड, कधी कॅमेरासुद्धा कार्डावर मिळतो, विचारून बघा. ट्रायपॉड असला तर मैत्रीण नसलेल्या दिवशी दहा सेकंदांच्या टायमरवर ती एकटीही काढू शकेल, तिच्या खोलीत, दार लावून. काही मुलींचे सगळ्यात मोकळे फोटो तसेच येतात. जिथे उभी राहणार तिथे आधी झाडू उभा करून फोकस अडकवून ठेवायचा, मग झाडू काढून आपण उभं राहायचं.

मैत्रिणीला जेवू घाला, आणि जमल्यास हातात थोडे पैसे ठेवा, नको नको म्हणेल तरी. अमेरिकेच्या कायद्याने फोटोचे हक्क बटण दाबणाऱ्याचे असतात. म्हणजे खरं तर तुमच्या लेकीचे फोटो त्या मैत्रिणीच्या मालकीचे! "हे फोटो तुम्ही छापू शकता" असा एक मेसेज तिच्याकडून घेऊन ठेवा. गंमत म्हणून नाही. फोटो फार चांगले आले तर छापायच्या काउंटरवरचा मुलगा विचारतो, फोटोग्राफरची परवानगी आहे का. माझ्या एका मैत्रिणीला विचारलं, तर ती त्या आनंदात परवानगी दाखवायचीच विसरली.

टोपी-गाऊनचे फोटो आत्ता होणार नाहीत, गाऊन बहुतेक शाळांत वसंतात हातात पडतो. तो पिशवीत घडी पडून येतो आणि पॉलिएस्टरचा असतो, इस्त्री कडक लागली तर चिकटेल. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ करून तासभर टांगा. टोपीचा गोंडा समारंभाच्या आधी उजवीकडे असतो, पदवी मिळाल्यावर डावीकडे घेतात, तेव्हा एप्रिल-मेमधल्या फोटोत तो उजवीकडे ठेवा. इथल्या आज्या पहिल्यांदा तेच बघतात.

आता छपाई, आणि इथे मी तुमचा हात धरून सांगते: फोटो व्हॉट्सअॅपवरून मागवू नका. मैत्रीण "पाठवले आंटी" म्हणेल, तुम्ही तेच छापायला द्याल, आणि मोठा फोटो चटईसारखा विणलेला येईल. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं. मी पार्टीच्या आदल्या रात्री ही चूक केली आहे, रात्री अकराला. मूळ फाइल गूगल ड्राइव्हवर घ्या, नाहीतर व्हॉट्सअॅपमध्येच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. आठ बाय दहा इंचाचा चांगला प्रिंट यायला २४०० बाय ३००० पिक्सेल पुरतात, साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोनमध्ये त्याहून जास्त असतात. फक्त फोनच्या फोटोचा आकार आणि फ्रेमचा आकार जुळत नाही, लांबीकडून थोडं कापलं जातं. म्हणून काढतानाच डोक्यावर चार बोटं जागा सोडायला सांगा, नाहीतर टोपीचं टोक जातं.

सासूबाईंची फ्रेम इथून पाठवू नका. काच फुटते आणि टपालखर्चात दोन फ्रेमा येतात. कोल्हापुरातल्या स्टुडिओला फाइल पाठवा, दीर किंवा नणंद जाऊन घेऊन येतील. एकूण खर्च बोर्ड, इथले दोन-तीन प्रिंट आणि मैत्रिणीचं जेवण धरून माझ्या हिशेबाने चाळीस-पन्नास डॉलरांच्या आत बसावा. त्यात जेवणच जास्त.

आणि ठरवलेल्या दिवशी सकाळी उठून पाहिलंत आणि आभाळ गच्च भरून आलेलं असेल, तर मुलीच्या आधी तुमचाच जीव खाली-वर होईल. पाऊस पडत नसेल तर अजिबात रद्द करू नका. ढगांनी झाकलेलं आकाश म्हणजे आख्ख्या गावावर ताणलेला पांढरा कपडा, सावल्याच नाहीत. त्या दिवशी दुपारी दीड वाजतासुद्धा चालेल.